उभ्यानं बोलायचं नाही

नवीन जालन्यात एका बियाणे कंपनीत साहेबांच्या केबिनबाहेरच्या टेबलावर मी बरीच वर्षं बसले. आलेल्याला गाव विचारायचं, काम विचारायचं, आत कळवायचं, घंटी वाजली की सोडायचं, एवढीच माझी नोकरी. पण दाराबाहेर बसणाऱ्याला आतलं सगळं कळतं. आत जाताना माणसाचा चेहरा कसा होता आणि बाहेर येताना कसा झाला, यावरून काम झालं की नुसता चहा झाला हे मी सांगू शकायचे. बहुतेकांचा चहाच व्हायचा.

लोक ताकाला यायचे आणि भांडं लपवायचे. आधी साहेबांच्या तब्येतीची चौकशी, मग पाऊसपाणी, मग कुणाच्या तरी लग्नात झालेली भेट, मग दोघांच्या ओळखीचं कुणीतरी निघायचं आणि त्याच्या आजारपणावर आणखी थोडा वेळ जायचा. एवढ्यात साहेबांचा फोन वाजायचा. खरं काम बाहेर यायचं ते चपला घालताना, "जाता जाता एक सांगायचं होतं साहेब," असं. साहेब म्हणायचे, "बघू." माणूस खुशीत बसस्टँडकडे जायचा. 'बघू' म्हणजे 'नाही', आणि 'बघतो' म्हणजे 'नाही, पण तुम्ही माणूस चांगले आहात', हे त्याला कोण सांगणार? 'करू या' असा शब्द आतून ऐकू आला तरच मी त्या माणसाकडे मान वर करून बघायचे.

पुढे नवऱ्याची बदली घनसावंगीला झाली. मी नोकरी सोडली आणि जवळच असलेल्या माझ्या माहेरच्याच गावात आम्ही बिऱ्हाड केलं. आईच्या मागे वडील एकटे होते, त्यांच्याकडेही बघता येणार होतं. गावात बायकांचा एक गट होता. गटातल्या बायका दुसऱ्यांच्या शेडनेटमध्ये, म्हणजे जाळीच्या मांडवात, बियाण्याच्या क्रॉसिंगला जायच्या. टोमॅटोचं क्रॉसिंग म्हणजे संध्याकाळी उमलायच्या बेतातली कळी हेरून तिच्यातला नर भाग चिमट्यानं अलगद काढायचा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच फुलाला दुसऱ्या झाडाचा पराग लावायचा. पराग ठेवायला बोटात अंगठीसारखी कडी असते. काम नाजूक. घाई केली की फूल मोडतं, आळस केला की बी भेसळीचं निघतं. कंपनी प्लॉट, म्हणजे बी तयार करून द्यायचं काम, द्यायची ऑर्गनायझरला, मधल्या बड्या माणसाला. तो द्यायचा शेडनेटवाल्याला, आणि शेडनेटवाला बायकांना रोजानं बोलवायचा. नोकरीमुळे मला हा सगळा रस्ता पाठ होता. माझ्या मनात आलं, मधलं सगळं वगळून प्लॉट सरळ गटाच्याच नावानं का मिळू नये? गावातलं एक शेडनेट भाड्यानं मिळत होतं. हिवाळी टोमॅटोचा एक प्लॉट मागायचा, बस.

गटात एक होती, तिचं माहेर अंबडचं म्हणून सगळ्या तिला अंबडवालीच म्हणायच्या. हाडानं काटक, बोलायला सडेतोड, हसायला लागली की थांबायची नाही. सासरचे पूर्वी मेंढरं राखायचे. मेंढरं गेली, तुकडाभर कोरडवाहू राहिली. दिवाळी झाली की ती आणि नवरा, दोघांचा मिळून एक कोयता, ऊसतोडीला जायचे ते उन्हाळा लागल्यावर परत यायचे. सोबत मुलगीही. मुलगी चौथीत होती, पण चौथीतली अर्धी. हजेरीत वर्षभर तिचं नाव आणि वर्गात अर्धं वर्ष तिची जागा रिकामी.

त्या वर्षी अंबडवाली मला म्हणाली, "ताई, यंदा मुकादमाला आजून शब्द दिला न्हाई. मालकाला म्हणलं, थांबा जरा. तुमचं ते पिलाटाचं जमलं तर मी न्हाई जायची. न्हाई जमलं तर जाते, काय इलाज?"

मी म्हटलं, "नवरा काय म्हणतो?"

"म्हणतो, तुझं ठरलं की माझं ठरलं. एकट्याचा कोयता कुठं असतो?"

मग मात्र माझी झोप उडाली. तोवर प्लॉट म्हणजे माझी एक हुशारीची कल्पना होती. आता तिच्यावर एका पोरीची शाळा टांगलेली होती.

माझ्या वडलांना आम्ही आबा म्हणतो. आबा जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होते. आता कान गेले आहेत, पण मतं जागच्या जागी आहेत. मोठ्या माणसाकडे कामाला जाण्याबद्दल त्यांचं एकच शास्त्र आहे, आणि ते आमच्या आजोबांवरून आलेलं आहे. आजोबांना मोठ्या घरच्या ओट्यावर चढायची मुभा नव्हती. खाली उभं राहून, मान वर करून बोलायचं. त्यामुळे आजोबांचं बोलणं फार आखूड झालं होतं, असं आबा सांगतात. घरातसुद्धा ते पूर्ण वाक्य बोलायचे नाहीत. भाकर, पाणी, चल, बस. छप्पन्न सालानंतर पुष्कळ बदललं, पण आजोबांचं बोलणं शेवटपर्यंत तेवढंच राहिलं.

आबा मास्तर झाले आणि पहिल्यांदा अंबडला शिक्षण खात्याच्या हापिसात गेले. साहेब कागदातून डोकं न काढता म्हणाले, "बोला." आबा बोलेनात. साहेबांनी वर बघितलं. आबांनी समोरची खुर्ची ओढली, बसले, आणि मग बोलले. काम झालं की नाही हे ते कधीच सांगत नाहीत. गोष्ट खुर्चीशीच संपते. लहानपणापासून मी कुठल्याही कामाला जाऊन आले, की आबांचा पहिला सवाल ठरलेला, "खुर्ची दिली का?" मार्कांचा दाखला आणायला गेले होते तेव्हाही हाच, आणि लग्नाच्या वेळी आईबरोबर मुलाचं घर बघून आले तेव्हाही हाच.

कंपनीची वेळ मिळवायला मला फार धडपड करावी लागली नाही, जुन्या ओळखी होत्या. ही कंपनी वेगळी, माझ्या नोकरीची नव्हे. मालकांचा मुलगा परदेशात शिकून आला होता आणि आता तोच सगळं बघत होता. ऑर्गनायझर लोक त्याला टरकून असायचे. त्याच्या एका शब्दावर तालुक्यात कुणाच्या शेतात काय पेरायचं ते ठरायचं.

मी गावातल्या बुद्धविहाराच्या ओसरीवर बायकांची तालीम घेतली. विहारातल्या प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या, मी साहेब झाले. गप्पा मारायच्या नाहीत. मागणी एकच आणि ती पहिल्याच वाक्यात. घरचं रडगाणं काढायचं नाही, कारण कीव आली की माणूस चहा पाजतो, काम देत नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, बसल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. हे शेवटचं मी इतक्यांदा सांगितलं की बायका कंटाळल्या. अंबडवाली खुर्चीच्या अगदी कडेला टेकायची, खुर्ची कुणाची तरी उसनी आणल्यासारखी. मी ओरडायचे, "मागं सरक! पाठ टेकव!" ती पाठ टेकवायची आणि तिला हसू फुटायचं. मग सगळ्याच हसायच्या आणि साहेबाची तालीम बोंबलायची.

ठरल्या दिवशी आम्ही पाच जणी आधी जीपनं, मग बसनं जालन्याला गेलो. ठेवणीतल्या साड्या, डोक्याला तेल. एका पोरानं आम्हाला काचेच्या खोलीत नेऊन सोडलं. मी आत पाय ठेवला आणि थबकले. खोलीत छातीइतकं उंच एक लांबलचक टेबल होतं. खुर्ची एकही नव्हती.

साहेब आला. वयानं पोरगाच, बाह्या दुमडलेल्या, चेहरा हसरा. नमस्कार करून म्हणाला, "माफ करा हं ताई, इथल्या खुर्च्या मीच काढून टाकल्यात. उभ्यानं बोललं की मीटिंग लांबत नाही, माणूस बराबर मुद्द्यावर राहतो. बाहेर सगळीकडे हल्ली असंच करतात. बोला."

खरं सांगते, दुसरं कुणी असतं तर मी त्याला शाबासकी दिली असती. केबिनबाहेर बसून मी जेवढा फुकट गेलेला वेळ पाहिला आहे, तेवढा त्यानं पाहिलेला नसणार. उभं केलं की माणूस आखूड बोलतो, हे त्याचं म्हणणं सोळा आणे खरं होतं. त्याला बिचाऱ्याला एवढंच माहीत नव्हतं, की ही युक्ती आमच्या घरावर दोन पिढ्यांपूर्वीच वापरून झालेली होती.

माझं पहिलं वाक्य तयार होतं. पण ते निघेना. तो वाट बघत होता. मी मनात म्हटलं, बोल बाई, पोरीची शाळा आहे, तुझ्या खुर्चीचं काय घेऊन बसलीस. आणि तरी माझी नजर खोलीत खुर्चीच शोधत राहिली.

तेवढ्यात माझ्या बाजूला बांगड्या वाजल्या. बघते तर अंबडवाली खाली बसत होती. चकचकीत फरशीवर तिनं मांडी घातली, पदर सारखा केला आणि शेजारची फरशी हातानं थोपटून बाकीच्यांना खूण केली. बाकीच्याही बसल्या. मोठ्या माणसासमोर खाली बसायचं! आबांनी जन्मभर जे टाळलं तेच, आणि मी आणलेल्या बायकांनी. मी दात-ओठ खात पुटपुटले, "ऊठ. आधी ऊठ."

ती अगदी सरळ आवाजात म्हणाली, "बसल्याबिगर बोलायचं न्हाई, असं तुम्हीच म्हणल्या ना ताई? मंग बसले. पाठ कुठं टेकवू तेवढं सांगा."

एक जण खुदकन हसली. साहेब गोंधळला. "अहो, खाली कशाला? थांबा, खुर्च्या मागवतो," म्हणाला आणि दाराकडे वळला.

"ऱ्हाऊ द्या साहेब, गार हाय फरशी. बरं वाटून राह्यलं," अंबडवाली म्हणाली. "तुम्ही पण बसा की. किती येळ उभे ऱ्हाणार? सकाळपासून उभेच असाल."

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. घरी आलेल्या कुणालाही ती तसंच म्हणाली असती. साहेबानं तिच्याकडे बघितलं, टेबलाकडे बघितलं, आणि मग तो चक्क खाली बसला. पँट घट्ट होती, मांडी घालायला त्याला कष्ट पडले. एक पाय दुमडला, दुसरा लांब ठेवला. आता खोलीत उभी होते ती फक्त मी. एवढी माणसं खाली आणि मी एकटी खांबासारखी. रागानं, लाजेनं, आणि कशानं कोण जाणे, माझे डोळे भरून आले. मी बसले. बसल्यावर वाक्य आपोआप आलं.

"साहेब, तुमच्या टोमॅटोचं बी आजही आमच्याच हातून तयार होतं. या हिवाळ्यात एक प्लॉट सरळ आमच्या नावानं द्या."

तो एकेक विचारायला लागला. शेडनेट कुणाचं, पाण्याची सोय काय, आधी कुठल्या प्लॉटवर काम केलंय, भेसळ निघाली तर जबाबदारी कुणाची. मी उत्तरं दिली, बायकांनीही दिली. त्यानं नाव काढलेल्या दोन प्लॉटांवर आमच्यातल्याच बायका राबल्या होत्या हे कळल्यावर तो जरा सरसावून बसला. मग म्हणाला, "काम चांगलं करता, मला मान्य आहे. पण माझी अडचण वेगळी आहे. दिवाळी झाली की तुमच्याकडच्या बायका ऊसतोडीला निघून जातात. क्रॉसिंग ऐन भरात आणि हात गायब. ऑर्गनायझर कुठून तरी माणसं आणतो. तुम्ही कुठून आणणार?"

इथंच घोडं पेंड खात होतं. जाणाऱ्यांपैकी एक तर समोरच बसली होती. मी तिच्याकडे बघायचं टाळलं. बाकीच्याही फरशीकडे बघायला लागल्या.

अंबडवालीच बोलली. "मी जाते साहेब. दरवर्षी जाते."

मी हळूच तिच्या पदराचं टोक ओढलं.

"तुम्ही म्हणता, बाया जातेत म्हणून काम देत न्हाई. आन् आम्ही काम न्हाई म्हणून जातो. मंग आधी कुणी थांबायचं?" ती हसली नाही. "कुणाला हौस असती का, थंडीत पालात झोपायची? पोरगी हाय मला. चौथीत हाय. तुम्ही काम देतो म्हणा, मी मुकादमाला आजच न्हाई म्हणते. तुमच्या समोर फोन लावते."

आणि तिनं खरंच पिशवीतून फोन काढला. घरचं काढायचं नाही असं मी बजावलं होतं. ते तिनं काढलंच, पण ते रडगाणं नव्हतं. त्याच्या अडचणीचं उत्तर तेच होतं, आणि ते तिच्याशिवाय दुसऱ्या कुणाजवळ नव्हतं.

साहेबानं हात वर केला. "फोन नको," म्हणाला. थोडा वेळ तो लांब ठेवलेल्या पायाचा गुडघा चोळत बसला. मला वाटलं, आता 'बघू' येणार. माझे कान त्या शब्दासाठी तयारच होते.

"करू या," तो म्हणाला. "एक प्लॉट. या हंगामापुरता. बी पास झालं तर पुढचं बोलू."

मग चहा आला. सगळ्यांनी तो तिथंच फरशीवर बसून घेतला. उठताना साहेबाच्या पायाला मुंग्या आल्या होत्या, तर अंबडवालीनं त्याला हात दिला. बाहेर आल्यावर तिनं सगळ्यात आधी मुकादमाला फोन लावला. तो बराच आरडाओरडा करत होता, पलीकडून आम्हाला ऐकू येत होतं. ती शांतपणे "न्हाई जमत दादा, यंदा न्हाई," एवढंच परत परत म्हणत होती. फोन ठेवला आणि रस्त्यावरच रिक्षांच्या गर्दीत मला घट्ट मिठी मारली. तिच्या केसांना खोबरेलाचा वास येत होता. मीही तिला सोडलं नाही.

घरी आबा वाट बघत बसले होते. सवाल ठरलेला. "खुर्ची दिली का?"

मला खोटं बोलता आलं असतं. पण आबांशी बोलायचं तर ओरडून बोलावं लागतं, आणि ओरडून खोटं बोलणं मला जमत नाही. मी ओरडले, "न्हाई! खुर्च्याच नव्हत्या! आम्ही खाली बसलो!"

शेजारच्या ओट्यावरच्या बायकांनी माना वळवल्या. आबांचा चेहरा उतरला. ते काठीची मूठ चोळत राहिले. मग त्यांनी विचारलं, "आन् साहेब कुठं बसला?"

"खालीच! आमच्याजवळ!"

"त्याला बस म्हणून कुणी सांगितलं?"

"आमच्यातलीच एक म्हणाली, बसा की! म्हणून बसला!"

आबांनी काठी बाजूला ठेवली. "मंग बराबर," म्हणाले. आणि मी आत जायला निघाले तसे मागून म्हणाले, "पण पुढच्या टायमाला खुर्च्या माग." माझं त्या म्हाताऱ्यावर किती प्रेम आहे हे मला त्या क्षणी इतकं कळलं की मी चुलीपुढं जाऊन उगाचच भांडी वाजवत बसले.

कराराचा कागद आला, रोपं आली, दिवाळी झाली. क्रॉसिंग ऐन भरात होतं त्या दिवसांत ऊसतोडीचे ट्रॅक्टर गावातून निघाले. एके सकाळी आम्ही शेडनेटमध्ये ओळीनं कामाला लागलो होतो. रस्त्यावर ट्रॅक्टर भोंगा वाजवत होता, दोन्ही ट्रॉल्यांमध्ये भांडी, शेळ्या, गोधड्या, माणसं. अंबडवाली माझ्या शेजारच्या ओळीत होती. तिनं मान वर केली नाही.

तेवढ्यात शेडनेटच्या दारात तिची मुलगी आली. अंगात स्वेटर, पायात चपला, हातात एक गाठोडं. गाठोड्यातून तिच्या जेवायच्या थाळीची कड दिसत होती. आम्ही मोठी माणसं इतके दिवस प्लॉटबद्दल बोलत होतो, पण यंदा जायचं नाही हे त्या पोरीला नीट कुणी सांगितलंच नव्हतं. भोंगा ऐकून तिनं आपलं आपण सगळं बांधलं होतं.

"आई, चल की. ट्रॅक्टर चाललं," ती म्हणाली.

"चालू दे," आई म्हणाली. तिच्या बोटातल्या कडीत पराग होता, तिनं हात तसाच अधांतरी धरला.

"मंग आपण कुठं जायचं?"

"कुठंच न्हाई."

पोरगी उभीच राहिली. भोंगा लांब लांब जात बंद झाला. मग तिनं गाठोडं खाली ठेवलं आणि विचारलं, "उद्या पण न्हाई?"

"उद्या पण न्हाई," आई म्हणाली, आणि तिला पुढचं फूल दिसेना.